गावात घर बांधायला खरेच परवानगी लागत नाही का?

महाराष्ट्रात गावाकडे घर बांधू पाहणाऱ्यांमध्ये एक संदेश वारंवार फिरतो. त्याचा आशय असा: ग्रामीण भागात 3200 चौरस फुटांपर्यंत कोणतीही परवानगी लागत नाही, घरपट्टीला नाव लागले की घर कायदेशीर ठरते, शेत स्वतःचे असेल तर कोणाला विचारण्याचे कारण नाही, आणि अर्ज केलाच, तर 60 दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळालीच असे समजावे. यातल्या बहुतेक विधानांत सत्याचा थोडा अंश आहे आणि त्यामुळेच हा संदेश अधिक घातक आहे, कारण त्यावर विसंबून माणसे आयुष्यभराची पुंजी घराच्या पायात ओततात.

पहिले विधान 2021 च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने जाहीर केलेल्या सवलतीवरून आले आहे. ही सवलत नगररचनाकाराच्या (नगररचना विभागाच्या अधिकाऱ्याच्या) परवानगीपुरती आहे, ग्रामपंचायतीला वगळण्यासाठी नाही. शिवाय आकडे भूखंडाचे आहेत, बांधकामाचे नव्हेत. सुमारे 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडासाठी मालकीची कागदपत्रे, मोजणी नकाशा, इमारतीचा आराखडा आणि तो आराखडा एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे, म्हणजे राज्याच्या बांधकामविषयक नियमांप्रमाणे, असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत सादर करून विकास शुल्क भरावे लागते. त्यापुढे 3200 चौरस फुटांपर्यंत हीच कागदपत्रे देऊन, शुल्क भरून, ग्रामपंचायतीकडून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते हाती आल्यावरच पाया खणायचा असतो. गाव पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासारख्या प्राधिकरणाच्या हद्दीत असेल, तर परवानगी त्या प्राधिकरणाकडूनच घ्यावी लागते. म्हणून कागद गोळा करण्याआधी आपल्या गावासाठी नियोजन प्राधिकरण, म्हणजे बांधकामाला परवानगी देणारी संस्था, कोणते, हे विचारून घ्यावे.

घरपट्टीविषयीचा समज तर सरळ चुकीचा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यात नाव असणे म्हणजे कर कोणाकडून वसूल करायचा याची नोंद असणे. त्यातून मालकी सिद्ध होत नाही आणि विनापरवाना भिंत नियमितही होत नाही.

शेतजमिनीबाबत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरांपर्यंतच्या जमिनींना अकृषिक (शेतीखेरीज इतर) वापरासाठीची स्वतंत्र परवानगी घेण्यातून सूट मिळाली, ही सामान्य माणसाच्या दृष्टीने चांगली सुधारणा आहे. परंतु जमिनीचा वापर बदलणे आणि त्या जमिनीवर इमारत उभारणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या बाबी आहेत. पहिलीतून सुटका झाली म्हणून दुसरी टळत नाही. सातबारावर भावंडांची नावे सामायिक असतील, तर त्यांची लेखी संमती आधीच घ्यावी, कारण अर्ज बहुधा तिथेच अडतो.

राहिला 60 दिवसांचा मुद्दा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 मध्ये मानीव परवानगीची, म्हणजे मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची, तरतूद आहे, हे खरे. मात्र प्रस्ताव विकास नियंत्रण नियमांशी काटेकोरपणे सुसंगत असेल तरच ती लागू होते, आणि नियमांविरुद्ध केलेले बांधकाम मानीव परवानगी असूनही अनधिकृतच ठरून कलम 52 ते 57 खालील कारवाईस पात्र राहते. प्राधिकरणाच्या मौनावर भिस्त ठेवणाऱ्याने निदान पोच घेतलेला अर्ज, संपूर्ण कागदपत्रे आणि अभियंत्याने तपासलेला नकाशा जवळ ठेवलाच पाहिजे.