१ कोटी ६७ लाख रंग आणि इतर थापा

रंगांबद्दलचा एक मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मूळ रंग तीनच, लाल, पिवळा आणि निळा, त्यांतून जगातला कुठलाही रंग बनतो. मोबाइलचा पडदा १ कोटी ६७ लाख रंग दाखवतो, म्हणजे डोळ्याला दिसणारे सगळे आले. कॅमेरा समोर असेल तोच रंग टिपतो आणि फोर-के टीव्ही तो प्रत्येक ठिपक्यात जसाच्या तसा दाखवतो. एवढं सगळं चोख असताना छापील चित्राचा रंग बदललाच, तर छापखानेवाला लबाड. चौथी काळी शाई हा त्याचा बिल फुगवण्याचा धंदा. मजकुरात आत्मविश्वास ठासून भरलाय, हे मान्य. आता एकेक मुद्दा घेऊ.

“मूळ रंग लाल, पिवळा, निळा.” चित्रकलेच्या तासाला हे शिकवतात आणि रंगपेटीपुरतं ते चालूनही जातं. पण आजचा पडदा या तिघांवर चालत नाही आणि आजची छपाईही नाही.

मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवून पांढऱ्या जागेकडे पाहा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात. मग पडदा पिवळा करा: निळे विझतात, लाल आणि हिरवे पेटलेले राहतात. पिवळा दिवा तिथे नाहीच. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या असतात. सूर्यफुलाकडे पाहताना त्या ज्या प्रमाणात चेतवल्या जातात, त्याच प्रमाणात या लाल-हिरव्या जोडीनेही चेतवल्या की मेंदूला दोन्ही पिवळेच. बऱ्याच पक्ष्यांना शंकुपेशी चार प्रकारच्या असतात. त्यांना ही चलाखी पटेलच असं नाही.

छपाईचा हिशेब उलटा. कागदावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातला काही भाग शाई खाऊन टाकते. सायन (हिरवट निळी) शाई लाल भाग खाते, मॅजेंटा (जांभळट गुलाबी) हिरवा, पिवळी निळा. एका शाईने मुख्यतः एकच भाग खाल्ला, तरच प्रमाण बदलून हवं तेवढंच कमी करता येतं. लाल शाई हिरवा आणि निळा दोन्ही एकदम गिळून बसते. म्हणून मॅजेंटावर पिवळी चढवून झकास लाल मिळतो, पण लाल, पिवळा, निळा कसेही घोळवा, मॅजेंटा काही हाती लागत नाही.

“१ कोटी ६७ लाख म्हणजे सगळे रंग.” आकडा बरोबर आहे. लाल, हिरव्या, निळ्याच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या, म्हणून १,६७,७७,२१६ जोडण्या. पण पायऱ्यांच्या संख्येवरून जिना कुठवर पोचतो ते कळत नाही. त्याच पडद्याला दहा बिटांचा, म्हणजे प्रत्येक रंगाच्या १,०२४ पायऱ्यांचा, हिशेब लावला तर जोडण्या १०७ कोटींवर जातील आणि आधीपेक्षा भडक असा नवा रंग एकही मिळणार नाही. दोन छटांमधली पायरी तेवढी बारीक होईल.

मर्यादा कुठे आहे, हे कळून शंभरेक वर्षं होत आली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी आपापले प्रयोग केले. डोळ्यासमोर एकाला लागून एक असे दोन तुकडे: एकात वर्णपटातला एकच शुद्ध रंग, दुसऱ्यात लाल, हिरवा आणि निळा यांचं मिश्रण. पाहणाऱ्याने तिन्ही दिवे कमीजास्त करत दोन्ही तुकडे सारखे करायचे. निळसर हिरव्याशी गाडी अडली. लाल दिवा पार शून्यावर आणला तरी मिश्रण फिकंच दिसे. शेवटी तो लाल उचलून पलीकडच्या शुद्ध रंगात मिसळावा लागला, तेव्हा कुठे दोन्ही जुळले. गणितात याला उणे लाल म्हणून मांडता येतं. उणे प्रकाश देणारा दिवा पडद्यात कुठून बसवणार?

याच मापनांच्या आधारे सीआयई या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ साली दृश्य रंगांचा नकाशा ठरवला. एसआरजीबी हे संगणकाच्या पडद्यांचं नेहमीचं रंग-मानक; त्याचा त्रिकोण त्यातली साधारण ३५ टक्के जागा व्यापतो. (या नकाशात हिरव्याला अवाजवी जागा मिळालीय, तेव्हा टक्केवारी फार ताणू नये. पण “सगळे रंग” हा दावा कुठल्याच मोजपट्टीवर टिकत नाही.)

“कॅमेरा आहे तोच रंग टिपतो.” १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर साधारण ६० लाख बिंदू हिरव्या फिल्टरखाली असतात, ३० लाख लाल आणि ३० लाख निळ्या. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६चं. प्रत्येक बिंदू एकच आकडा मोजतो. उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे फोटोतले दोन तृतीयांश आकडे मोजलेलेच नसतात. त्यावर पांढरा कुठला मानायचा, हे कॅमेरा स्वतःच ठरवतो.

मजकुरात भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलचाही दाखला आहे: १८६१ मध्ये त्याने रंगीत कापडी फितीचा फोटो तीन फिल्टरांतून उमटवून हे “सिद्ध केलं”. त्या प्रयोगाची गंमत वेगळीच आहे. तेव्हाच्या फोटोच्या काचांना लाल प्रकाश जवळपास दिसतच नव्हता, मग लाल फिल्टरमागे चित्र उमटलं कसं? याचा उलगडा बरोबर १०० वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅकच्या राल्फ इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी केला. तो फिल्टर अतिनील किरणही सोडत होता आणि फितीतला लाल रंग ते परावर्तित करत होता. लालाच्या जागी डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाने हजेरी लावली होती! तत्त्व बरोबर होतं, पण “आहे तोच रंग” याचा पुरावा म्हणून हा प्रयोग पुढे करू नये.

“टीव्हीत प्रत्येक ठिपक्याचा रंग जसाच्या तसा.” प्रसारणात आणि इंटरनेटवरच्या व्हिडिओत सहसा उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची जाते, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदा. ३८४० × २१६० च्या चित्रात रंग १९२० × १०८० चाच. १९५३च्या अमेरिकी रंगीत टीव्हीपासून उजेड आणि रंग वेगळे काढले जातात, कारण जुन्या कृष्णधवल संचांवरही चित्र दिसायला हवं होतं. रंगाचे बारकावे डोळा ढोबळच पाहतो, म्हणून ही काटकसर खपून जाते. निळ्यावर बारीक लाल अक्षरं आली की त्यांच्या कडा विस्कटतात, तेवढीच.

“काळी शाई ही लबाडी.” आदर्श सायन, मॅजेंटा आणि पिवळी मिळून काळा झाला असता. खऱ्या शाया आपल्या वाट्यापलीकडचंही थोडं खातात, त्यामुळे तिघींचा थर मळकट तपकिरी दिसतो. शिवाय बारीक अक्षर तीन प्लेटांवरून छापायचं तर केसभर सरकलं तरी कडेला रंगीत सावली पडते, आणि तीन ओल्या थरांनी कागद लवकर वाळत नाही. काळ्या शाईने उलट बाकीच्या तिघी कमी लागतात.

राहिला बदललेल्या रंगाचा प्रश्न. पडद्यावरचा झगझगीत निळा छापील कागदावर जांभळट किंवा मंद होतो, कारण तो शायांच्या आवाक्यात नाही. उलट बाजूने, चांगल्या कागदावरची निव्वळ सायन शाई नेहमीच्या पडद्याला नीट दाखवता येत नाही. फाइल देण्याआधी छापखान्याकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात, याची फाइल) मागून घ्या आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मोबाइलशेजारी धरून न जुळवता ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या, उजेडात तपासा. छपाईचे रंग त्या उजेडासाठी ठरवलेले असतात. आणि मंजूर केलेल्या प्रूफशी छपाई जुळली नाही, किंवा एकाच गठ्ठ्यातल्या दोन प्रती वेगळ्या निघाल्या, तर मात्र छापखान्याशी खुशाल भांडा.