जरा दाबून बघू?

गोव्याच्या चोवीस मानकुराद आंब्यांपैकी नऊ. पुण्याहून ताईने काल रात्री फोटो पाठवला: नऊ आंबे रांगेत, प्रत्येकाच्या देठाजवळ रुपयाएवढा काळसर, मऊ डाग. खाली एकच ओळ, 'पॅकिंगमध्ये काहीतरी चुकतंय तुझं.'

पॅकिंगमध्ये! अहो, आंबे झेल्याने (काठीच्या टोकाला लावलेल्या जाळीने) उतरवले, दोन-तीन सेंटीमीटर देठ राखून. मग देठ खुडून दोन तास उलटे ठेवले, कारण चीक सालीवर ओघळला की तिथे साल भाजते आणि पिकल्यावर काळा ओघळ उमटतो. धुतले, सावलीत कोरडे केले. मऊ पडलेला एकही घेतला नाही. एक पिकलेला आंबा इथिलीन सोडतो आणि खोक्यातल्या सगळ्यांना घाई लावतो. खोका नवा, पाच पदरी. साबणाचा जुना खोका घेतला तर आंब्याला आंघोळीचा वास येतो, आणि आपल्या दमट हवेत जुना पुठ्ठा असा मऊ पडतो की त्यावर दुसरं पार्सल ठेवलं की बसलाच. खोक्याचं बळ कोपऱ्यांत असतं, म्हणून हवेची भोकंसुद्धा कोपरे सोडून पाडली. तळाला दोन बोटं कोरडा पेंढा (ओलसर असला तर बुरशी), बारा आंबे कागदात गुंडाळून, मध्ये पुठ्ठा, वर बारा, पुन्हा पेंढा.

हा वरचा पेंढाच लोक विसरतात. सगळ्यांना तळाच्या आंब्यांची काळजी. पण रात्रभर गाडी हादरते तेव्हा वरचा थर उडतो आणि आपटतो, उडतो आणि आपटतो. आंबोली घाट संपेपर्यंत त्याची कणीक तिंबलेली असते. म्हणून खोका बंद करून हलवायचा. आतून आवाज आला तर भरणी सैल. झाकण फुगलं तर जास्त, मग वरच्या खोक्याचं ओझं पुठ्ठ्याऐवजी आंबे उचलतात. माझा खोका मुका होता आणि सपाट होता.

म्हापशाच्या स्टँडवर पार्सलवाला म्हणाला, "उघडून दाखवा."

"आंबे आहेत."

"सगळे आंबेच सांगतात. खाली बाटल्या निघतात."

गोव्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खोक्याकडे याच नजरेने बघायचं, असा इथला रिवाज. चिकटपट्टी टरकावली, पेंढा बाहेर आला, आणि बाजूला नारळाच्या पोत्यावर बसलेले एक काका उठले.

"मानकुराद?"

"होय."

"जरा दाबून बघू?" हा प्रश्न नव्हता, अंगठा पोचला होता. भला रुंद, नारळाचं सोडण सोलून तपकिरी पडलेला अंगठा. देठाजवळ टेकवला आणि दाबला, लिफ्टचं बटण दाबतात तसा.

"हा कच्चा."

"काका, सगळे कच्चेच आहेत. मुद्दाम."

"कच्चे? मग धाडता कित्याक?"

"पुण्याला पोचेपर्यंत पिकतील."

"असं? बघू तर, हा लागलाय का पिकायला." अंगठा. "ना. हा?" अंगठा.

"काका, दाबू नका."

"दामल्या बगर कळना, बाब." आणि चौथा दाबता दाबता मलाच समजावू लागले, "आंब्याला मार लागता कामा नये. मुका मार वाईट. आज दिसत नाही, चार दिवसांनी दिसतो."

शब्द न् शब्द खरा! दाबलं की सालीखालच्या पेशी फुटतात, आतल्या रसाला हवा लागते आणि गर काळा पडतो; कापलेलं सफरचंद काळवंडतं तेच हे. कच्च्या आंब्यावर वरून काही कळत नाही, पिकताना बिंग फुटतं. त्यामुळे मारणारा कधी सापडत नाही. भरणारा सापडतो.

पाचवा, सहावा. पोर्तुगीजांनी या फळाला 'मालकोरादा' म्हटलं, म्हणजे वाईट रंगाचा. त्याचंच मानकुराद झालं. त्यांनीही देठाजवळचा डाग बघूनच नाव ठेवलं असेल, असं मला आता वाटतं. 2023 साली या आंब्याला जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालं. हंगामाच्या तोंडाला डझनाचा भाव हजारांत जातो. पण तो एकदा पार्सलच्या खिडकीशी आला की त्याची किंमत बटाट्याची. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'नाशवंत मालाची जबाबदारी आमची नाही', आणि जागा डिकीत, इंजिनाला खेटून, जिथे अढी न घालताच आंबे शिजतात. 'ही बाजू वर' असा बाण मी चारही बाजूंना काढला होता. हमालाने तो वाचला असावा, कारण नेमकी तीच बाजू खाली गेली.

नऊ झाल्यावर काका थांबले, तेही त्यांची बस लागली म्हणून. मी पेंढा कोंबून पट्टी पुन्हा मारली. पार्सलवाल्याने त्या पट्टीचे दहा रुपये वेगळे लावले.

हमालाने खोका उचलून डिकीत भिरकावला. बसच्या पायरीवरून काका त्याच्यावर ओरडले, "हळू रे मेल्या! आंबे ते, मार लागतलो!"