घरात कुणी तरुण आहे का?

"सर, घरात कुणी तरुण आहे का? सहीसाठी लागेल."

माझ्याच हॉलमध्ये बसून, माझ्याच फ्रिजमधलं पाणी पिऊन, थेट माझ्याकडे बघत सोलर कंपनीच्या मुलानं हे विचारलं. मी 58 वर्षांचा आहे. अजून नोकरीत आहे. कोपरखैरणे स्टेशनात ठाणे लोकल सुटताना दिसली तर पळत जाऊन पकडतो. पकडल्यावर घणसोली येईपर्यंत तोंडातून शब्द फुटत नाही, ते सोडा.

झालं होतं असं, की त्यानं टॅबवर माझी जन्मतारीख घातली आणि लाल चौकट उमटली. मासिक योजनेचा करार 20 वर्षांचा, आणि करार संपेल त्या दिवशी सही करणाऱ्याचं वय 75 च्या आत पाहिजे. मी तेव्हा 78 चा असणार. म्हणजे असलो तर. हे 'असलो तर' तो बोलला नाही, पण पाण्याचा ग्लास त्यानं इतक्या हळुवारपणे खाली ठेवला की त्यात ते आलंच.

सोलरचं खूळ डोक्यात शिरलं ते बिलामुळे. आमचं सिडकोच्या काळातलं रो हाऊस, गच्ची स्वतःची, महिन्याचं बिल सव्वादोन हजारांच्या घरात. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली. तिच्यात पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असं जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान मिळतं. ऊन तर गच्चीवर फुकट पडतंच आहे. आजवर त्याचे लाभार्थी म्हणजे कुरडया, सांडगे आणि पावसात भिजलेली गादी.

रस्ते दोन होते. रोखीनं घेतलं तर 3 किलोवॅटचे 1,80,000, अनुदान वजा जाता 1,02,000. मात्र अनुदान आधी हातात पडत नाही. प्लेटा बसायच्या, वीज किती घेतली आणि किती परत दिली ते मोजणारा नेट मीटर लागायचा, तपासणी व्हायची, मग ते खात्यात यायचं. तोवर पैसे आपलेच अडकणार. दुसरा रस्ता मासिक. सुरुवातीला दमडी द्यायची नाही, कंपनी प्लेटा बसवणार, प्लेटा तिच्या, गच्ची आपली, आणि महिन्याला 1,400 रुपये. दर वर्षी त्यात 5 टक्के वाढ.

मुलगी बंगळुरूला असते. तिला फोन केला तर म्हणाली, "बाबा, हल्ली विकत कोण घेतं?" तिच्याकडे पाण्याचा फिल्टर भाड्याचा, वॉशिंग मशीन भाड्याचं, सोफाही भाड्याचा. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा माझ्या हातून सोफ्यावर चहा सांडला, तर तिनं फडका आणायच्या आधी सोफ्याच्या कंपनीला फोन लावला. उरलेले दिवस मी चहा ओट्यापाशी उभ्यानं प्यायलो. असो.

इथवर प्रकरण माझं आणि त्या मुलाचं होतं. तेवढ्यात अण्णा आले.

अण्णा शेजारचे. त्यांची आणि आमची भिंत एक. वय 74, जन्मभर विमा एजंट. मुलगी पाळण्यात असताना त्यांनी मला एक पॉलिसी विकली होती, तिच्या लग्नाच्या खर्चासाठी म्हणून. मुदत पूर्ण झाली तेव्हा आलेल्या पैशांत दोन दारांचा फ्रिज आला. अण्णांचा धंदा कधीच सुटला, पण समोर कुणी फॉर्म भरताना दिसलं की त्यांना राहवत नाही. आले होते पेपर मागायला. टॅब बघितला आणि चपला काढून सोफ्यावर मांडी घालून बसले.

"मुदत किती?" नमस्कार-चमत्कार काही नाही.

"20 वर्षं, सर."

"आणि हा 58 चा." अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "वडील कितव्या वर्षी गेले रे तुझे?"

"81 व्या."

"हार्ट ना?"

"हो."

"आई?"

"आई आहे की. ठाण्याला, भावाकडे. 84 ची आहे."

"मग आईकडचं धरू. त्यात तुझा फायदा आहे."

मुलानं टॅबवर काहीतरी टिपलं. काय टिपलं ते त्यालाच ठाऊक.

"शुगर?"

"नाही."

"आहे," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "काठावर आहे, पण आहे."

सोलरच्या प्लेटांना माझ्या शुगरशी काय देणं-घेणं, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "लांब मुदतीचं काम आहे, सगळं बघावं लागतं." मुलानंही मान हलवली. दहा मिनिटांपूर्वी हे दोघे एकमेकांना ओळखत नव्हते.

मग खिशातून कॅल्क्युलेटर निघाला. मोबाइलमधला नव्हे, खरा, मोठ्या बटणांचा. 1,400 गुणिले 12, दर वर्षी 5 टक्के चढते, वीस वर्षं. अण्णा पुटपुटत होते, मुलगा शेजारी सरकून आकडे बघत होता, आणि मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा कडेला बसलो होतो.

"शेवटच्या वर्षी महिन्याला साडेतीन हजार," अण्णांनी जाहीर केलं. "एकूण साडेपाच लाखांच्या वर. आणि रोखीत 1,02,000. महिन्याला 2,000 वाचतात म्हणतोस ना? सव्वाचार वर्षांत वसूल. तेव्हा हा 62 चा." क्षणभर थांबून त्यांनी मला न्याहाळलं. "62 पर्यंत हा कुठे जात नाही."

म्हणजे 62 नंतरची खात्री नाही.

मुलगा बिचारा कसलेला होता. "सर, पण मासिकमध्ये देखभाल आमची. प्लेटांची वीज घरात चालेल अशी करून देणारा इन्व्हर्टर पंचवीस वर्षं चालत नाही, दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, तो खर्च आमचा. धुणं-पुसणं आमचं."

यात तथ्य होतं, हे मी कबूल करतो. आमच्याकडे एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्या कडेची एमआयडीसी. सकाळी पुसलेल्या स्कूटरवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. धूळ बसली की प्लेटा कमी वीज देतात. शिवाय कबुतरं. गल्लीतल्या एक काकू त्यांना रोज ज्वारी घालतात, पुण्य त्यांच्या खात्यात आणि बाकीचं सगळं आमच्या गच्चीवर. गुडघे धरून ती गच्ची धुणार कोण, हा प्रश्न माझ्याही मनात होता. पण अण्णांचा कॅल्क्युलेटर चालू असताना गुडघ्यांचा विषय काढायची माझी छाती झाली नाही.

"प्लेटांची वॉरंटी किती?" अण्णा.

"25 वर्षं. 25 वर्षांनीसुद्धा 80 टक्के काम देतात, सर."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बघ," एवढंच म्हणाले.

"आणि लाइट गेली की?"

इथे मुलगा जरा अडखळला. "लाइट गेली की सोलरपण बंद होतं, सर. लाइनमन तारेवर काम करत असतो ना, आपल्याकडून करंट गेला तर त्याला शॉक लागेल. म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. बॅटरी घेतली तर चालू राहील, पण त्याचे पैसे वेगळे."

"म्हणजे बाहेर लख्ख ऊन, डोक्यावर तीन किलोवॅट, आणि हा खाली पेपरनं वारा घेतोय?"

"लाइनमनच्या सुरक्षेसाठी, सर."

"गरजेच्या वेळी बंद. आमच्यात याला लॅप्स म्हणायचे." अण्णांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही बघितला नव्हता. "बरं, आता मुख्य. मधेच हा गेला तर?"

"करार वारसांकडे जातो, सर. किंवा घर विकलं तर घेणाऱ्याच्या नावावर होतो."

"अरे बाळा! आमच्याकडे माणूस मेला की कंपनी पैसे देते. तुमच्याकडे माणूस मेला की त्याची पोरगी पैसे देते. आणि हे तुम्ही विकता? लोक घेतात?"

मुलगा हसला. बायको आतून हसली. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर त्यालाही वयाचा परिणाम म्हणाले असते.

पण खरं सांगू, आत कुठेतरी सणकलं होतं. याच घरावर मजला चढवताना बँकेनं मला वीस वर्षांचं कर्ज दिलं, तेव्हा तू टिकशील का असं कुणी विचारलं नाही. नोकरी खाजगी, कारखाना आज बंद पडतो की उद्या अशी हवा, तरी अर्ज मंजूर. पस्तिशीतल्या माणसाला कुणीही काहीही वीस वर्षांसाठी विकतं. आता कर्ज फिटलंय, पगार बरा आहे, हप्ता चुकवल्याचा एक डाग नाही, तर लाल चौकट. आणि रोखीनं घ्या म्हणणाऱ्यांना काय जातं? निवृत्तीच्या तोंडावर लाखभर रुपये गच्चीवर नेऊन ठेवायचे म्हणजे पोटात गोळा येतो. शिवाय एवढं करून बिल शून्यावर येतं अशातला भाग नाही. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार येतच राहतो. वीज वापरली नाही, तरी वापरता आली असती याचे पैसे.

त्यात आणखी एक निघालं. मुलानं बिल मागितलं, वाचलं आणि म्हणाला, "सर, हे कुणाचं नाव आहे?"

वडिलांचं. घर त्यांच्या नावावर लागलं होतं, पुढे माझ्या नावावर झालं, बिल मात्र तसंच राहिलं.

"अर्ज बिलावरच्या नावानंच करावा लागतो," तो म्हणाला. "त्यांची सही मिळेल का?"

"गेले ते. 81 व्या वर्षी," अण्णा परस्पर म्हणाले. "हार्ट. आत्ता सांगितलं ना."

म्हणजे बघा, वडील जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांना दर महिन्याला न चुकता बिल येतं, वेळेत भरा अशी विनंती येते, त्यांच्या वयाबद्दल कुणाची तक्रार नाही. अडचण फक्त माझी आहे.

एव्हाना मी चिडून ठरवून टाकलं होतं, की रोख. आधी बिलावरचं नाव बदलायचं आणि मग लाखभर रुपये मोजून मोकळं व्हायचं. तसं बोलूनही दाखवलं. मुलगा म्हणाला, मग गच्चीचं माप घेऊन टाकू. आम्ही तिघंही वर गेलो. त्यानं मोबाइल फिरवून सूर्याचा मार्ग बघितला. सहा प्लेटा, तोंड दक्षिणेला, जागा पुरते, सावली नाही. "एकदम क्लिअर आहे, सर. फक्त दक्षिणेला काही उंच उठायला नको. एका प्लेटवर सावली पडली तरी अख्खी ओळ मार खाते."

दक्षिणेला अण्णांचं घर आहे.

अण्णा कठड्याला टेकून आपल्या गच्चीकडे बघत होते. "दिवाळीनंतर आम्ही दोन मजले चढवतोय," ते म्हणाले. "धाकट्याचं लग्न आहे ना. तुला बोललो नव्हतो का?"

बोलले नव्हते. तासभर माझे वडील, माझी आई, माझी शुगर, माझं 62 वं वर्ष, सगळं बोलले, एवढंच राहिलं.

मुलानं मोबाइलवर दोन मजले चढवून बघितले आणि सावली माझ्या गच्चीवर कशी पसरते ते दाखवलं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तेव्हा सगळ्यात जास्त. जून ते सप्टेंबर तसंही आभाळ भरलेलंच. पावसाळ्यात ढग आणि हिवाळ्यात अण्णा. उरला उन्हाळा.

याला काही इलाज नाही. आमच्या गल्लीत एकेक करत सगळीच घरं उंच होत चालली आहेत. 1882 च्या ईझमेंट कायद्यात खिडकीतून वीस वर्षं अखंड येणाऱ्या उजेडावर हक्क सांगता येतो, पण तेव्हा गच्चीवरच्या उन्हाचे महिन्याला 1,400 मागणारं कुणी नव्हतं.

"अण्णा, मग माझ्या सोलरचं काय?" मी विचारलं.

"थांब, हिशेब बदलला," म्हणत त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. "निम्मी वीज धर. सव्वाचारचे झाले साडेआठ. म्हणजे तू साडेसहासष्ट." जरा विचार करून त्यांनी मुलाकडे बघितलं. "काय रे, आमचे दोन मजले झाल्यावर आमच्या गच्चीवर तर सावली नाही ना कसली?"

"नाही सर! तुमचं तर बेस्ट लोकेशन होईल."

"आणि सहीला आमचा धाकटा आहे. 29 चा."

मुलानं टॅबवर नवा फॉर्म उघडला. दोघं माझ्याच जिन्यानं खाली उतरले, माझ्याच सोफ्यावर बसले, आणि जाताना अण्णा बायकोला सांगून गेले की दोन कप चहा टाक, माझ्यात साखर चालेल.