आगबोटीने विलायतेला टपाल पाठवायचंय? या, बसा, सांगतो

दीड महिन्यापूर्वी लेकीला लीड्सला एक खोकं पाठवलं. मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी आणि आईने वळलेले डिंकाचे लाडू. कुरियरवाला म्हणाला, "सात ते दहा वर्किंग डेज सर." आज एक्केचाळिसावा दिवस. तेव्हा मी ठरवलंय की आपण आपलीच सर्व्हिस काढायची आणि काढायचीच तर इंग्रज सरकारच्या काळातली, आगबोटीची काढायची, कारण तिचा रेकॉर्ड बरा आहे. तुम्हालाही काढायची असेल तर हे चार शब्द ऐकून ठेवा, फुकट आहेत.

आधी बोट घ्या, पण कोळसा मावणार नाही अशी बघून घ्या. १८३० च्या मार्चमध्ये 'ह्यू लिंडसे' मुंबईहून सुएझला निघाली, आपल्याच गोदीत वाडियांनी बांधलेली. पोटात कोळसा जेमतेम साडेपाच दिवसांचा आणि अरबस्तानच्या टोकाचं एडन अकरा दिवसांवर. मग काय, केबिनीत कोळसा, दिवाणखान्यात कोळसा, दिसेल त्या कोपऱ्यात कोळसा. एडनला लागली तेव्हा काही तासांचाच उरला होता म्हणे. आणि हा कोळसा मुंबईत यायचा कसा? विलायतेहून, शिडाच्या जहाजांतून, अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून! म्हणजे वाफेच्या बोटीला शिडाची जहाजं पोसत होती. तरी बाई मोखा, जेद्दा करत, जागोजागी कोळसा भरत, बत्तीस दिवसांत सुएझला पोचली. बत्तीस. आमचे लाडू एक्केचाळीस दिवसांत ठाण्याहून भिवंडीला पोचलेत.

पावसाळ्यात बोट सोडू नका, नैऋत्येचा वारा तिला झेपत नाही. (नोव्हेंबरात "खराब हवामानामुळे विलंब" लिहिणाऱ्यांना कुठला वारा झेपत नाही ते विचारू नका.)

वाटेत कोळसा ठेवायला जागा हवी ना? भाड्याने कशाला घेता, गावच घ्या. १८३९ च्या जानेवारीत मुंबईहून फौज पाठवून एडन घेतलं तसं. गाव हाताशी असलं की पुढे इतर कामालाही येतं, वासुदेव बळवंत फडक्यांना नेऊन ठेवलं ते तिथेच, परत आलेच नाहीत.

माणसं स्वस्त ठेवा. डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी, जेवणघरात गोव्याचे लोक, पगार गोऱ्याच्या पगाराचा तुकडा. तक्रार सारंगाकडे, म्हणजे खलाशांच्या मुकादमाकडे करायची आणि भरती करणारा सारंगच. आजकाल याला 'थर्ड पार्टी व्हेंडर' म्हणतात.

बोट खडकावर चढलीच तर घाई अजिबात नको, पंप चालू आहेत ना, मग वाट बघा. १८६९ च्या सप्टेंबरात 'कर्नाटिक' सुएझहून मुंबईला येताना तांबड्या समुद्रात अशीच बसली, कप्तानाने लोकांना बोटीवरच ठेवलं, पुढे बोट मोडली आणि एकतीस माणसं गेली.

आता मुख्य मुद्दा. मार्ग. जवळचा मार्ग उघडला की तो वापरायचा नाही, हे पहिलं सूत्र. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा झाला, दोन समुद्र जोडले गेले, सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या आणि विलायतेचं टपालखातं म्हणालं, करारात टपाल इजिप्तमधून रेल्वेने न्यायचं लिहिलंय, तर ते रेल्वेनेच जाईल. म्हणजे बघा, बोट अलेक्झांड्रियाला यायची, थैल्या उतरवायच्या, रेल्वेत चढवायच्या, रेल्वे सुएझला जायची, बोट रिकाम्या हाताने कालव्यातून तिकडेच जायची आणि सुएझला त्याच थैल्या पुन्हा बोटीत! बोटवाल्या कंपनीने (पी अँड ओ) कालव्यातून नेऊ का विचारलं तर म्हणे मग अनुदान कापू. जड टपालाला १८७४ मध्ये परवानगी मिळाली, तातडीच्या टपालाची ही चढउतार मात्र १८८८ पर्यंत चालू. हे वाचून पूर्वी मी हसलो असतो, आता हसू येत नाही, कारण आमचं खोकं ठाण्याहून मुंबई विमानतळाला गेलं (तीस किलोमीटरसुद्धा नाही), तिथून ट्रकने दिल्लीला गेलं कारण "हब दिल्ली आहे सर", दिल्लीहून परत मुंबईला आलं कारण यूकेचं विमान मुंबईहून सुटतं, मुंबईत कळलं की दिल्लीत एक कागद लागायला हवा होता, म्हणून परत दिल्ली, परत मुंबई, आणि आता भिवंडी. लाडवांनी भारतदर्शन केलं! फोन केला की "आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है", मग ती बासरी, मग कट. चॅटवर 'रिया' म्हणते "मला समजतंय तुम्ही वैतागला आहात". रिया यंत्र आहे, तिला काय घंटा समजतंय?

आणि त्या साहेबाने काय केलं माहितीये? १८६८ पासून मुंबईच्या समुद्रवाटेवर बोटीतच टपाल निवडायची सोय केली. खाली भट्टी, वर लाटा, पोटात ढवळतंय आणि हातात पत्रं. का, तर मुंबईला बोट लागल्या लागल्या थैल्या गाड्यांवर चढल्या पाहिजेत. आणि कुरियरवाल्यांनो, तुमच्याकडे एसी गोदामात, न हलणाऱ्या फरशीवर बारकोड वाचता येत नाही?

तो साहेब आपल्यावर प्रेम म्हणून हे करत नव्हता, त्याला हुकूम आणि हुंड्या वेळेवर हव्या होत्या, हे मलाही कळतं. पण उशीर झाला की बोटवाल्या कंपनीला दंड व्हायचा. दंड करणारं कुणीतरी होतं. तुम्हाला कोण करतं? मी नुकसानभरपाई मागितली तर "लाडूंचं बिल जोडा". अहो, ऐंशीच्या बाईने पहाटे उठून वळलेत, बिल कुठून आणू? पैसे आगाऊ घेता, वजन अर्धा किलो जास्त लावता, वर सही घेता की उशिराला आम्ही जबाबदार नाही. मग कशाला जबाबदार आहात? लाज नावाची गोष्ट असते.

आणि तुम्ही वाचणारे, हसू नका. "असंच असतं हो" म्हणून गप्प बसणारे तुम्हीच, मागच्या वर्षी तुमचं खोकं हरवलं तेव्हा तुम्ही एकतरी लेखी तक्रार केलीत का?

ते खोकं उद्या विमानात टाका. नाहीतर परत द्या, आणि "रिटर्न चार्जेस" हा शब्द माझ्यासमोर काढू नका.