इस्माइल यासीनला लष्कराने मोठं केलं?

इजिप्तच्या या विनोदी नटाबद्दल एक दावा सतत फिरत असतो: 1952च्या क्रांतीनंतर, म्हणजे लष्कराने राजाला हटवल्यावर, लष्करानेच त्याला स्टार केलं, तोंड वेडंवाकडं करण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं, आणि सरकारची मर्जी फिरताच तो संपला.

आधी तारखा बघा. त्याचा पहिला सिनेमा 1939चा. 'अल-मिल्योनेर'मध्ये तो नायक आहे, आणि तो सिनेमा 1950चा, राजा फारूक गादीवर असतानाचा. 'इस्माइल यासीन लष्करात' आला 1955मध्ये. म्हणजे लष्कराने त्याला मोठं केलं नाही, मोठा झालेला नट वापरून घेतला.

पुढे पोलीस, नौदल, हवाई दल अशी रांगच लागली. त्यात गणवेशाचं कौतुक आहे, प्रचारही आहे. ते नाकारायचं कारण नाही. पण त्याचं नाव शीर्षकात असलेले बाकीचे सिनेमेही मोजा की: मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय, वेड्यांचं इस्पितळ, प्राणिसंग्रहालय, तुरुंग, अगदी टारझनसुद्धा! लष्करपट काढणाऱ्या दिग्दर्शक फतीन अब्देल वहाबनेच 1954 साली 'अल-आनिसा हनफी' (कुमारी हनफी) काढला. सावत्र बहिणीला उंबऱ्याबाहेर पडू न देणारा हनफी शस्त्रक्रियेनंतर बाई ठरतो आणि तोच जाच त्याच्या वाट्याला येतो. इथे लष्कर कुठे शोधायचं?

आता तोंडाचं. जबडा मोठा होताच, तो स्वतः त्यावर विनोद करायचा. पण तो तयार झाला कैरोत नर्तकी बदिया मसाबनीच्या कॅबरेच्या रंगमंचावर, मोनोलॉग म्हणत: चालीवर म्हटलेली विनोदी कवनं, ताल चुकला की हशा गेलाच. नौदलाच्या सिनेमात सार्जंट अतिया विचारतो, 'तोफेवर तुझं काम काय?' सार्जंटला हवं असतं कामाचं नाव. इस्माइल तोफेचा आवाज काढतो, 'बुरुरुम!' हसू येतं ते त्या भाबड्या तत्परतेमुळे, आणि समोर सार्जंट झालेल्या रियाद अल-कसबगीचा पारा चढत जातो म्हणून. हा कसबगी आधी रेल्वेत तिकीट तपासायचा. दरारा बहुधा तिथलाच.

उतरणीची कारणं साधी होती. 1960मध्ये टीव्ही आला, पुढे सिनेउद्योग सरकारच्या ताब्यात गेला, त्याची करांची थकबाकी वाढली. लेखक अबू अल-सऊद अल-इबियारीबरोबर 1954मध्ये काढलेली नाटक मंडळी 1966मध्ये बंद पडली. शिवाय सिनेमा आणि नाटक दोन्हीकडे बराचसा मजकूर याच इबियारीच्या लेखणीतला. प्रेक्षक कंटाळले तर नवल काय? नंतर लेबनॉनमध्ये किरकोळ कामं. 24 मे 1972ला हृदयविकाराने तो गेला.