‘तुझा विश्वास कमी पडतो आहे’ असे कोणाला सांगण्यापूर्वी

आज उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर जे ऐकले ते दुपारभर डोक्यातून गेले नाही, म्हणून लिहायला बसले आहे. आमच्या मंडळीत एक तरुण आई आहे. तिच्या चार वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते आणि त्या रक्ताबरोबर शरीरात साचत जाणारे लोह कमी करण्यासाठी रोज औषध द्यावे लागते. आज ती प्रार्थनेसाठी पुढे गेली होती. बाहेर आल्यावर एका भगिनीने तिचा हात हातात घेतला आणि अगदी प्रेमळ आवाजात सांगितले, ‘इतकी वर्षे उत्तर मिळत नाही, म्हणजे तुझा विश्वास कुठेतरी कमी पडतो आहे. तो शोध.’ मुलाच्या कानटोपीची नाडी बांधता बांधता ती आई ‘हो’ म्हणाली.

तो ‘हो’ मला ओळखीचा आहे. मी तो तीन वर्षे म्हटला आहे.

माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा आमची मुलगी सातवीत होती. माझा रक्तगट जुळला नाही आणि घरात दुसरे कोणी देण्याजोगे नव्हते. मग आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, चार चार तासांचे डायलिसिस सुरू झाले. दिवसभरात प्यायचे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायचे आणि त्यातच गोळ्या, चहा, आमटी सगळे बसवायचे. इंदूरच्या मे महिन्यात तहानलेल्या माणसाला बर्फाचा एक खडा तोंडात धरायला देऊन आपण स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायचे, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. त्या काळात आमच्याकडे पुष्कळ लोक प्रार्थनेला आले. एकाने उपवास करायला सांगितले. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने तर, खरा विश्वास असेल तर यंत्राचा आधार सोडून दाखवा, असे माझ्या यजमानांच्या तोंडावर सांगितले. मी तेव्हाही गप्प राहिले, आणि आज सात वर्षांनी लिहिताना माझा हात थरथरतो आहे तो त्या गप्प राहण्याच्या रागाने.

पण त्याच काळात मंडळीतल्या एक मावशीही येत असत. निवृत्त परिचारिका, एकट्या राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या. त्या घरी कधी आल्या नाहीत. मंगळवारी थेट रुग्णालयात यायच्या, डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसायच्या, पिशवीतून मेथीची जुडी आणि वर्तमानपत्र काढायच्या आणि निवडायला लागायच्या. अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवायच्या. मेथी नसेल त्या दिवसांत गवार किंवा मटार. ‘हाताला काम असावे,’ एवढेच त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. विश्वासाबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही. निघताना आत जाऊन माझ्या यजमानांच्या कपाळावर हात ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि निवडलेली भाजी माझ्या पिशवीत टाकून रिक्षा धरायच्या. त्या दिवशी रात्री घरात भाजी काय करायची हा प्रश्न सुटलेला असायचा. ज्यांना हे लहान वाटते त्यांना मी काय सांगू?

आपण सगळे पवित्र शास्त्र वाचणारे लोक आहोत. मग मुले, संपत्ती आणि आरोग्य सगळेच गमावलेल्या ईयोबाचे मित्र आपल्याला कसे आठवत नाहीत? अलीफज, बिल्दद आणि सोफर आले, त्याची दशा पाहून मोठ्याने रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले; त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्द बोलला नाही. तेवढे सात दिवस ते खरे मित्र होते. आठव्या दिवसापासून त्यांनी तोंड उघडले, तुझ्याच हातून काही पाप घडले असेल म्हणून त्याला टोचू लागले, आणि शेवटी देवाचा कोप कोणावर झाला? राखेत बसून देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर झाला नाही, या तिघांवर झाला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हेच विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, आणि प्रभू येशूने दोन्ही नाकारले. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मिळाली. पौलाचा विश्वास कमी पडला असे आपल्यापैकी कोण म्हणेल? आणि औषधाला अविश्वास म्हणणाऱ्यांनी हेही वाचावे की पौलाचा प्रिय सोबती लूक हा वैद्य होता, आणि वारंवार आजारी पडणाऱ्या तीमथ्याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले.

प्रार्थनेने माणसे बरी झालेली मी पाहिलेली नाहीत असे नाही. आमच्याच मंडळीत एकजण आहेत, डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ते आज गायनमंडळात उभे राहतात. मी त्यांच्या साक्षीला नाही म्हणणार नाही. पण त्यांची साक्ष उचलून दुसऱ्याच्या डोक्यात मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आमच्या आजी नगरच्या. इंदुरात उपासना हिंदीत होते, पण त्यांच्यामुळे आमच्या घरातली संध्याकाळची प्रार्थना मराठीतच राहिली आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने कानावर राहिली. पंडिता रमाबाईंबद्दल मी पहिल्यांदा ऐकले ते त्यांच्याच तोंडून. दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भाऊ 1880 मध्ये गेला. लग्नाला दोन वर्षे होण्याआधी, 1882 मध्ये पती गेले आणि पदरात तान्ही मुलगी राहिली. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तरी दुःख थांबले का? ज्या मनोरमेला त्यांनी वाढवले, जिच्या हाती निराधार स्त्रियांसाठी केडगावला उभारलेल्या ‘मुक्ती’ आश्रमाचे काम सोपवायचे होते, ती 1921 मध्ये आईच्या आधी गेली, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मधल्या काळात याच बाईंनी दुष्काळाच्या वेळी आपल्या शेजारच्या मध्य प्रांतात फिरून उपाशी मुलींना केडगावला नेले, आणि हिब्रू व ग्रीक शिकून पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले. आजी हे सांगताना कधी म्हणत नसत की रमाबाईंच्या विश्वासामुळे त्यांची दुःखे टळली. त्या म्हणायच्या, ‘बाई उठत राहिली.’ लहानपणी मला त्याचा अर्थ कळला नाही. बाकावर मेथी निवडताना कळला.

कारण माझे यजमान बरे झाले नाहीत. तीन वर्षे दोन महिन्यांनी, एका शुक्रवारी पहाटे ते गेले. दफनविधीला कोणीतरी माझ्या कानाशी म्हणाले, ‘आपणच प्रार्थनेत कमी पडलो.’ त्यानंतर कित्येक आठवडे मी चर्चमध्ये गेले नाही. मी देवाशी बोललेच नाही. आणि हे मी आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर लिहिते आहे. मग एका मंगळवारी दारावर मावशी उभ्या होत्या. मंगळवार होता म्हणून आल्या, एवढेच त्यांनी सांगितले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. आम्ही दोघी जमिनीवर बसलो, मध्ये वर्तमानपत्र, त्यावर मेथी. निवडता निवडता मी रडू लागले आणि देवाला नाही नाही ते बोलले. त्यांनी मला थांबवले नाही. बऱ्याच वेळाने त्या इतकेच म्हणाल्या की लाजराच्या कबरेपाशी प्रभूही रडला होता, आणि तो तर त्याला मरणातून उठवणार होता. त्या रविवारी मी मुलीला घेऊन उपासनेला गेले.

मला माझ्या तारणाऱ्याने त्या तीन वर्षांतून आणि त्यानंतरच्या सात वर्षांतून चालवत आणले, हे मी माझ्या श्वासाइतके खरे मानते. मी शिवणाचे काम धरले, मुलीचे शिक्षण झाले, कर्ज फिटले. पण मी ज्या देवाला धरून राहिले तो माझा विश्वास तराजूत घालून तोलणारा नव्हता. तो त्या बाकावर बसलेला होता.

त्या भगिनीबद्दल आता राग उरलेला नाही. त्यांच्याही घरात आजारपण आहे आणि त्यांनाही कोणीतरी हेच सांगितले असेल. बहुधा वाईट हेतूने त्या बोलल्या नाहीत. मी उद्या त्यांना फोन करणार आहे. मात्र माझ्या मित्रमैत्रिणींनो, दुखऱ्या माणसाजवळ जाताना तोंडातले वाक्य आधी स्वतःला ऐकवून बघत जा, एवढी कळकळीची विनंती आहे.

मावशी गेल्या वर्षी प्रभूमध्ये निजल्या. त्या मुलाला येत्या मंगळवारी रक्त चढवायचे आहे, हे मी पायऱ्यांवरच त्याच्या आईला विचारून घेतले. रक्त चढायला तीन-चार तास लागतात म्हणाली, आणि ती एकटीच असते. मालवा मिलच्या मंडईत सध्या मटार चांगला येतो आहे. दोन किलो घेऊन जाईन. मुलालाही सोलता येईल, एक हात मोकळा असतो त्याचा.