लोकायुक्त नेमताना आमदारांनी बघायचं नाही, तर कुणी बघायचं?

आमच्या पेठेतल्या ग्रुपवर आठवडाभर एकच मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: 'लोकायुक्तांच्या नेमणुकीत आमदार आणि विरोधी पक्षनेते आले की राजकारण शिरतं. सरकारनं चांगला निवृत्त न्यायमूर्ती निवडावा, राज्यपालांनी सही करावी, विषय संपला. विरोधकांना विचारत बसलं तर पद वर्षानुवर्षं रिकामं राहील. आणि लोकायुक्तांना अधिकार तरी कुठं आहेत? मग कोण नेमतो याला काय महत्त्व?'

पाठवणाऱ्यांत माझे मित्र आहेत, शाळेतले एक सरही आहेत. हेतू चांगला आहे, म्हणूनच सविस्तर उत्तर लिहितोय.

राजकारण शिरतं, या मुद्द्यापासून सुरुवात करू. लोकायुक्त चौकशी कुणाची करतात? मंत्र्यांची आणि सरकारी अधिकाऱ्यांची. म्हणजे ज्यांची तपासणी व्हायची, त्यांनीच तपासनीस निवडायचा, असं हा मजकूर सांगतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे समजावून सांगायची गरज पडू नये. गळीत हंगामात साखर कारखान्यावर काटामारीची, म्हणजे उसाचं वजन कमी दाखवल्याची, ओरड झाली की आपण काय मागतो? भरारी पथक आणा, आणि त्यात शेतकरी संघटनेचा माणूस घ्या. वजन शासनाचा अधिकारीच करतो, पण ट्रॅक्टर काट्यावर चढताना आपला माणूस आकड्याकडे बघत उभा असतो. त्याला कुणी 'राजकारण करतोय' म्हणत नाही. काटा तपासणारा कारखान्यानंच ठरवला, तर एक तरी शेतकरी ती पावती मानेल का?

शिवाय नेमणुकांवर नजर ठेवणं ही कोल्हापूरला नवी गोष्ट नाही. 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा आदेश सगळ्यांना माहीत आहे तो मागासवर्गीयांना राखलेल्या पन्नास टक्के जागांसाठी. त्याच आदेशात आणखी एक कलम आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं: या आदेशानंतर ज्या नेमणुका होतील, त्यांचं तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखानं पाठवायचं. हुकूम काढून महाराज थांबले नाहीत. खुर्चीवर कोण बसला, हे दर तीन महिन्यांनी कागदावर मागवलं. मला तो आदेश त्या एका ओळीसाठी जास्त मोठा वाटतो.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. राजकारण्यांच्या हाती नेमणुका देऊन घोटाळा झाल्याचं उदाहरण आहे, आणि ते न्यूयॉर्क राज्याचं आहे. तिथं 2011 साली आलेल्या नीतिमत्ता आयोगावर 14 सदस्य होते, 6 गव्हर्नरनं आणि 8 विधिमंडळातल्या नेत्यांनी नेमलेले. मोजक्या सदस्यांना चौकशी अडवता यायची. विश्वास उडाला आणि 2022 मध्ये आयोगच मोडीत काढला. पण नव्या आयोगातही नावं सुचवण्याचा विधिमंडळातल्या नेत्यांचा हक्क ठेवला, वर कायदा महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांची समिती बसवली, ती नाव नाकारू शकते. नजर वाढवली, कमी केली नाही.

आता राज्यपालांच्या सहीचं. 1971 च्या आपल्या कायद्यानुसार राज्यपाल लोकायुक्त नेमतात, पण त्याआधी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेते यांचा सल्ला घ्यावा लागतो. लोकायुक्त प्रत्यक्षात आणणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, आणि पहिल्या दिवसापासून विरोधी पक्षनेत्याचं नाव त्या प्रक्रियेत आहे. म्हणजे मजकूर जे काढा म्हणतो, ते पन्नास वर्षांपूर्वीच विचार करून घातलेलं आहे. लोकायुक्तांचा अहवालही शेवटी विधिमंडळातच मांडला जातो. शेवटी बघायचं आणि सुरुवातीला डोळे मिटायचे, हे कुठलं शहाणपण?

विरोधकांमुळे पद रिकामं राहतं, हे तर सरळ चूक. गुजरातमध्ये 2003 च्या अखेरीपासून लोकायुक्त नव्हते. ऑगस्ट 2011 मध्ये राज्यपालांनी न्यायमूर्ती मेहता यांना नेमलं, तर राज्य सरकारच कोर्टात गेलं. 2 जानेवारी 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं नेमणूक कायम केली, मुख्य न्यायमूर्तींच्या मताला प्राधान्य दिलं. तोवर इतका वेळ गेला होता की मेहतांनी पुढे पदच नाकारलं. तिथं कोर्टात धाव घेणारं सरकार होतं, विरोधी पक्ष नव्हे.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत 288 पैकी विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाला 20 जागा मिळाल्या, आणि या पदासाठी पक्षाकडे दहा टक्के म्हणजे 29 जागा हव्यात, हा संकेत पुढे केल्यामुळे विरोधी पक्षनेतेपद रिकामं राहिलं. मग सल्ला कुणाचा? गुजरातच्या 1986 च्या कायद्यात याचं उत्तर आहे: नेता नसेल तर विरोधी सदस्यांनी आपल्यातून एकजण निवडावा, पद्धत अध्यक्षांनी ठरवावी. माणूस नाही म्हणून नजरच काढून टाकायची, असं तिथं म्हटलेलं नाही.

आणि अधिकार. माझे चुलते एका सरकारी कार्यालयातून शिपाई म्हणून निवृत्त झाले. पेन्शनची फाईल चौदा महिने 'वर गेलीय'. कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, तक्रार लोकायुक्तांकडे पाठवली. शिक्षा कुणाला झाली नाही. फक्त 'अहवाल सादर करावा' असं पत्र त्या कार्यालयात आलं, आणि ज्या टेबलावर चुलत्यांना कधी बसायला खुर्ची मिळाली नव्हती, तिथून घरी फोन आला. एका पत्रात एवढं वजन असेल, तर ते पत्र लिहिणारा कुणाच्या मर्जीतला आहे, याला महत्त्व आहेच.

आमदारांवर राग काढायचाच असेल तर त्यालाही जागा आहे. डिसेंबर 2022 मध्ये विधानसभेनं आणि 2023 मध्ये परिषदेनं मंजूर केलेल्या लोकायुक्त विधेयकात मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणलं, पण त्यांच्या चौकशीआधी विधानसभेची दोन तृतीयांश संमती घातली. म्हणजे 192 आमदारांनी हात वर केल्याशिवाय कागद हलणार नाही. नेमणुकीवर देखरेख ठेवणं हे सभागृहाचं काम. चौकशीला परवानगी देणं हे नव्हे. मजकूर लिहिणाऱ्यानं नेमकं उलटं धरलंय.

आपल्या जिल्ह्यातून दहा आमदार विधानसभेत जातात. मी माझ्या आमदारांना पत्र देऊन दोन गोष्टी विचारल्यात: विरोधी पक्षनेता नसताना लोकायुक्तांसाठी सल्ला कुणाचा घेणार, आणि 192 च्या अटीवर तुमचं मत काय. पोच घेतली आहे. पत्राचा मसुदा ग्रुपवर टाकतोय, आपापल्या मतदारसंघाचं नाव घालून पाठवा.